माझ्या चुकीचं गाणं

ता. ३ मार्च

ढबूस,

माझ्याकडे जितके शिल्लक असतील तितके सगळे आशीर्वाद.

तुला माझी आठवण नसेलच, म्हणून आधी ओळख करून देते. मी तुझी मावसबहीण, तुझ्याहून चार वर्षांनी थोरली. लहानपणी तू माझ्या पांघरुणात शिरून झोपायचीस आणि सकाळी ते ओलं निघालं की बोट माझ्याकडे दाखवायचीस. आठवलं? नाही आठवलं तरी चालेल. मोठ्या माणसांना मुलाखतीत विचारतील तेवढंच आठवावं लागतं.

हे पत्र मी सांगते आहे आणि नातसून लिहिते आहे. ती औषधांच्या दुकानात बसते, दिवसभर डॉक्टरांचं अक्षर वाचते, तेव्हा तुझ्या अक्षराला घाबरणारी नाही. मी मात्र होते तशीच, अंगठाबहाद्दर. फोनच केला असता, पण तुला म्हणे आता एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने बरोबर येत नाही. तुला ऐकू येईना, मला वाचता येईना. दोन बहिणींच्या पोटी मिळून एक धड माणूस निपजलं नाही बघ.

मुद्द्यावर येते. परवा दुपारी बटाटे सोलत बसले होते आणि रेडिओवर तुझी मुलाखत लागली. ती मुलाखतवाली पोरगी म्हणाली, तुमचं शिट्टीचं गाणं तबकडीच्या मागच्या बाजूला होतं ना, मग ते पुढे आलं कसं? मी सुरी खाली ठेवली. म्हटलं, आली आपली पाळी. सत्तावन्न वर्षांनी का होईना. आणि तू काय म्हणालीस? "मशीनमध्ये बिघाड झाला. छपाई उलटी झाली आणि माझं नशीब सुलटं झालं." ती हसली, तूही हसलीस. मी बटाटा हातात धरून बसून राहिले.

अगं, कुठलं मशीन? मशीन बिघडलं असतं तर कारखान्यातून मला कशाला काढलं असतं? ती चूक माझी.

नातसून विचारते आहे, आजी, पण चूक म्हणजे नक्की काय? तिलाही कळावं आणि तुलाही आठवावं म्हणून सांगते. मी दाबयंत्रावर. खालच्या साच्यावर एक गोल चिठ्ठी ठेवायची, तिच्यावर तापलेला काळा गोळा, त्याच्यावर दुसरी चिठ्ठी, आणि दांडा ओढायचा. वाफ फुस्स करायची आणि गोळ्याची तबकडी व्हायची. दोन्ही बाजूंना गाणं, दोन्ही बाजूंना चिठ्ठी. वरच्या साच्यात पहिल्या बाजूचं गाणं, खालच्यात दुसऱ्या बाजूचं. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली की गाणं एकाचं आणि नाव दुसऱ्याचं. चिठ्ठ्या दोन्ही हिरव्या. फरक फक्त अक्षरांचा, आणि अक्षरांचा नि माझा छत्तीसाचा आकडा.

तू चिठ्ठ्यांच्या खोलीत होतीस. चिठ्ठ्या भट्टीत वाळवायच्या आणि गड्ड्या बांधून आम्हाला द्यायच्या. माझ्यासाठी युक्ती तूच काढलीस. पहिल्या बाजूच्या गड्डीला तांबडा दोरा, दुसऱ्या बाजूच्या गड्डीला पांढरा. तांबडा वर, पांढरा खाली. तीन वर्षं मी हे पाढ्यासारखं म्हणत तबकड्या काढल्या आणि एकही चुकली नाही. आणि मग थोरल्या बाईंची तबकडी आली.

नातसून पुन्हा थांबली, कोण थोरल्या बाई म्हणते. पोरी, थोरल्या बाई म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात मोठ्या गाणाऱ्या. त्यांचं गाणं लागलं की माणसं चालता चालता थांबायची. पुढच्या बाजूला त्यांचं संथ, रडकं, बारा व्हायोलिनवालं गाणं. मागची बाजू रिकामी राहू नये म्हणून एका दुपारी, कामावर सारखी गुणगुणायची म्हणून, या ढबूकडून तीन मिनिटांचं शिट्टीचं गाणं गाऊन घेतलेलं. त्या दिवशी मी चिठ्ठ्या उलट्या लावल्या. दोन हजार तबकड्या, आणि संध्याकाळी तपासनिसाच्या लक्षात येईपर्यंत त्यातल्या काही रेडिओकडे रवानाही झाल्या होत्या. रेडिओवर निवेदकाने थोरल्या बाईंचं नाव घेतलं, त्यांच्या आर्त स्वराचं कौतुक केलं, सुई टेकवली, आणि आतून निघाली शिट्टी. लोकांनी पत्रं लिहिली, ही कोण, पुन्हा लावा. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते हेच. महिनाभरात रस्त्यातलं कुत्रंसुद्धा त्या शिट्टीला मान वळवायला लागलं. मला त्याआधीच काढलं होतं.

त्यानंतर केवढे गाणारे आले नि गेले. लांब केसांची गिटारवाली पोरं आली, चकचकीत कपड्यांतले नाचरे आले. कॅसेटा आल्या, त्या पेन्सिलीने गुंडाळत बसलो. मग त्या चकत्या, आणि आता तर अंगठा सरकवला की गाणं. तेवढं एक यंत्र माझ्यासाठी निघालं. पण दर दहा वर्षांनी कोणीतरी तुझी शिट्टी नवे कपडे घालून बाहेर काढतंच. लग्नातल्या बँडने वाजवली, कॅसेटवाल्यांनी ढोल लावून विकली, नातवाच्या फोनची घंटाही तीच होती. दर वेळी मी घरात सांगते, हे माझ्या चुकीचं गाणं. आमच्या खिडकीखालचा सलूनवाला रेडिओ मोठा करतो आणि हाक मारतो, "आजी, तुमचं लागलंय."

पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला तुझा तो मोठा कार्यक्रम आहे, साठ वर्षांची साठ गाणी, शेवटचं तुझं, आणि सगळा रेडिओवरही लागणार. त्या मंचावर सरळ सांग, चूक माझ्या आक्काची. मशीनची नव्हे. माझ्याकडे मिरवायला सोनं नाही, पदवी नाही. एक चूक होती, ती तू लोखंडाला देऊन टाकलीस. ती परत दे.

आक्का

*

ता. १४ मार्च

ती. आक्का,

ढबूचा साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून हसू आलं आणि डोळेही भरले. तुझ्याशिवाय मला ढबू म्हणणारं आता कोणी उरलं नाही. इथे सगळे 'ताई' म्हणतात, डॉक्टरसुद्धा.

अगं, रेडिओची मुलाखत म्हणजे काय असतं तुला कसं सांगू. समोर काचेपलीकडे एक जण बोटांनी 'आटपा' म्हणत असतो. कारखाना, साचे, चिठ्ठ्या हे सगळं सांगायला वेळ कुठला? मशीन म्हटलं की त्यात तू आलीसच. शिवाय मी तुझाच विचार केला. साऱ्या जगाला कशाला कळायला हवं की माझ्या आक्काला वाचता येत नव्हतं? लोक हसले असते. मी तुझी अब्रू झाकली आणि तू मलाच रागावतेस.

कार्यक्रमाला तू यायचंच. मी गाडी पाठवते. पहिल्या रांगेत, अगदी मधोमध तुला बसवते. मी तुझं नाव घेईन, तू उभी राहा, लोक टाळ्या वाजवतील, तुला फुलं देतील. चिठ्ठ्यांचं मात्र राहू दे. थोरल्या बाईंच्या घरची माणसं येणार आहेत. त्या गाण्यानंतर बाईंचं नाव मागे पडलं ते पडलंच. त्यांच्यासमोर ते उकरणं बरं दिसत नाही. तुला दाखवायला मला सगळं जग आहे, पण दाखवायचं काय नि ठेवायचं काय हे मंचावर जवळजवळ साठ वर्षं काढलेल्या माणसावर सोड.

गुडघे कसे आहेत? सूनबाईला आशीर्वाद. तिचं अक्षर फार सुरेख आहे.

तुझी ढबू

*

ता. २४ मार्च

ढबूस आशीर्वाद.

नातसुनेच्या अक्षराची स्तुती तिने मला दोनदा वाचून दाखवली. बाकीचं एकदाच.

मशीन म्हटलं की त्यात मी आले म्हणतेस. मग तू गायलीस त्याऐवजी भोंगा गायला म्हणू का? भोंगा म्हटलं की त्यात तूही आलीस. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. आणि अब्रू कुणाची झाकलीस? मला वाचता येत नाही हे भाजीवाल्याला ठाऊक आहे, पोस्टमनला ठाऊक आहे. मी चष्मा लावून वर्तमानपत्र धरते तेव्हा शेजारीण येऊन ते सुलटं करून जाते. लपवायचं असतं तर मी इतकी मजेत जगले असते का?

हसतील म्हणतेस. हसू दे की. मला काढलं तेव्हा तुझे भावजी वर्षभर हसत होते. जेवायला बसले की म्हणायचे, "आमटी आहे ना, का चिठ्ठी उलटी लागली?" मी मग लॉजच्या धुण्याच्या खोलीत लागले. वीस वर्षं चादरींच्या घड्या घातल्या, कारण चादरीवर काही लिहिलेलं नसतं. तिथल्या बायका शिट्टीचं गाणं म्हणत घड्या घालायच्या. एक दिवस मी त्यांना सांगितलं, बायांनो, मी चुकले म्हणून तुम्ही हे गाताय. तेव्हापासून तिथे मला मान होता. दुखलं खुपलं की मला खुर्ची मिळायची. अशी चूक कुणाच्या वाट्याला येते?

त्या वेळी मी तुला म्हटलं होतं, मला अक्षरं शिकव, पुन्हा असं नको व्हायला. तू म्हणालीस, "तुला कशाला अक्षरं? मी आहे ना." मला किती बरं वाटलं होतं. आपल्यावर असा जीव टाकणारं माणूस असलं की शाळेची काय गरज.

पण एक गोष्ट तुलाच विचारायची राहून गेली. गड्ड्या सोडल्या की मी दोरे फेकायची नाही. ज्या गड्डीचा दोरा तिच्यावरच्या खिळ्याला अडकवून ठेवायची, म्हणजे मध्ये उठलं तरी परत आल्यावर घोळ नको. त्या संध्याकाळी तपासनीस तबकडी घेऊन धावत आला तेव्हा मी आधी खिळे बघितले. तांबडा वरच्या चिठ्ठ्यांवर, पांढरा खालच्या चिठ्ठ्यांवर. दोरा बरोबर, हात बरोबर, तबकडी चूक. मग माझं चुकलं कुठे? गड्ड्या सोडताना हातातल्या हातात फिरल्या असतील असं मी धरून चालते, पण माझे हात तसे नाहीत गं. तू शिकलेली, तू त्या खोलीतली. तुला काय वाटतं?

हे सगळं मी त्या मुलाखतवाल्या पोरीलाही सांगितलं. नातसुनेने तिला फोन लावून दिला, त्या कार्यक्रमाची सूत्रंही म्हणे तिच्याकडेच आहेत. ती तर नाचायलाच लागली. म्हणाली, आजी, हेच मंचावर सांगा, अस्सं, दोऱ्यासकट, मी तुम्हाला पाच मिनिटं देते. तेव्हा तू माझं नाव घेऊन मला नुसतं उभं करू नकोस. मी बोलणार आहे. तुझ्यासारखं ताना मारून नाही, पण बोलते बरी असं लोक म्हणतात.

आक्का

*

ता. २ एप्रिल

ती. आक्का,

सादर नमस्कार.

तू मंचावर बोलणार हे ऐकून आनंद झाला. इथे हवा फार उकाड्याची आहे, त्या सभागृहात गर्दी असेल, पायऱ्याही बऱ्याच आहेत. तरी तुझी इच्छा असेल तर मी कोण नाही म्हणणार? फक्त थोडक्यात बोल. "मी तेव्हा कारखान्यात होते, माझी बहीण गायची, मला अभिमान वाटतो," एवढं पुरे होतं. खिळे, दोरे असलं बारीकसारीक लोकांना कळत नाही, त्यांचं लक्ष जातं.

मी रोज सकाळी अजून रियाजाला बसते. ऐकू येत नाही, पण गळ्याला बोट लावलं की सूर कळतो. पत्राचं उत्तर लवकर दे.

तुझी ढबू

सूनबाई, इथून खालचं फक्त तुझ्यासाठी आहे. आजीला वाचून दाखवू नकोस.

तू शिकलेली आहेस म्हणून तुला सांगते. दोरे मी बदलले होते. त्या दिवशी सकाळी तांबडा दोरा मी दुसऱ्या बाजूच्या गड्ड्यांना बांधला आणि पांढरा पहिल्या. आक्काने नेहमीसारखं बरोबर केलं. तिचं काहीच चुकलं नाही.

मी एकोणीस वर्षांची होते. मागच्या बाजूच्या चिठ्ठीवर माझं नावही छापलं नव्हतं, नुसतं 'आणि सहकारी' होतं. मागची बाजू कोणी लावत नाही हे मी रोज बघत होते. वाटलं, एकदा, फक्त एकदा कोणीतरी ऐकावं. मला वाटलं होतं संध्याकाळी कळलं की तपासनीस आमच्या खोलीत येईल आणि मला ओरडेल. तो आधी आक्काकडे गेला. मी दारात उभी होते. मी तोंड उघडणार तोच आक्का म्हणाली, "चुकलं माझं." ती एक मिनिट गप्प बसली असती तर मी बोलले असते. त्यानंतर बोलायला जागाच उरली नाही. पुढे गाणं गाजलं, मग तर अजिबातच नाही.

मी मशीनचं नाव घेतलं ते याचसाठी. तिच्यावर ते ओझं नको म्हणून. पण ती ऐकत नाही. मंचावर ती खिळ्याचं सांगेल आणि ती मुलाखतवाली पोरगी काही बावळट नाही, दोन प्रश्नांत तिला कळेल. या वयात आक्काला हे समजून काय मिळणार? तू तिला सांग की डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय, किंवा कार्यक्रमात वेळच नाही असं कळवलंय. तुझं ती ऐकते. तू तिच्या भल्यासाठीच करते आहेस असं समज. हे पान फाडून टाक.

*

ता. १२ एप्रिल

ती. आक्का,

दहा दिवस झाले, तुझं पत्र नाही. तब्येत बरी आहे ना? ती मुलाखतवाली विचारत होती, गाडी कधी पाठवायची. मी तिला म्हटलं, अजून नक्की नाही. सूनबाईने सगळं नीट समजावलं असेलच. तिला माझा निरोप सांग की मी तिची ऋणी आहे.

तुझ्यासाठी काही खायला पाठवते आहे. काय आवडेल ते कळव. आता तुला काय चावतं, काय नाही, मला काही ठाऊक नाही.

तुझी ढबू

*

ता. १५ एप्रिल

ढबू,

आशीर्वाद या वेळी नंतर बघू.

तुझं मोठं पत्र पाच तारखेला आलं. नातसुनेने वाचायला घेतलं आणि गळ्याला बोट लावलं की सूर कळतो, तिथे थांबली. मी म्हटलं, संपलं? म्हणाली, संपलं आजी. मला वाचता येत नाही, पण कागद किती काळा झालाय ते दिसतं. खालचं अर्धं पान आणि मागचं सगळं भरलेलं होतं. मनाशीच म्हटलं, असेल तिच्यासाठी काही बायकी, मूलबाळ कधी वगैरे.

मग ती माझ्याशी गोड वागायला लागली. दुकानातून येताना मोसंबी आणते. न सांगता पाय दाबते. माझ्या विनोदाला दोनदा हसते. आठ दिवस हे चाललं. शेवटी तेरा तारखेला मी तिला समोर बसवलं आणि विचारलं, "पोरी, खरं सांग. मला किती दिवस राहिलेत?" ती रडायला लागली. मला वाटलं, झालं, महिनासुद्धा नाही. तर तिने उशीखालून तुझा कागद काढला आणि वाचला. आठ दिवस का ठेवलास म्हटलं तर म्हणाली, तुम्ही त्या गाण्याला हसता तेव्हा छान दिसता आजी. तिने आठ दिवस ठेवलं. तू सत्तावन्न वर्षं ठेवलंस.

आता हे ती लिहिते आहे आणि मध्ये मध्ये डोळे पुसते आहे, तेव्हा अक्षर सुरेख आलं नाही तर समजून घे.

केसाने गळा कापला म्हणतात. तू दोऱ्याने कापलास. तोही मी शिकावं म्हणून नव्हे, मी न शिकावं म्हणून बांधलेला दोरा. "तुला कशाला अक्षरं, मी आहे ना." हे वाक्य मी नातवंडांना सांगत आले गं. मावसबहीण असावी तर अशी म्हणून सांगत आले. मला एक अक्षर जरी येत असतं तरी त्या दुपारी दुसऱ्याच तबकडीला मी म्हटलं असतं, ढबे, दोरा चुकला बघ. आणि तू जीभ चावली असतीस आणि दोघी हसलो असतो.

म्हणतेस, मी एक मिनिट गप्प बसले असते तर तू बोलली असतीस. ते मिनिट कसं गेलं ते ऐक. तपासनीस माझ्यासमोर होता, तू त्याच्यामागे दारात होतीस, पांढरीफटक. मला वाटलं तू माझ्यासाठी घाबरलीस. आणि असंही वाटलं की हा आता चिठ्ठ्यांच्या खोलीवर जाईल, या पोरीला काढतील, हिच्यामागे कोणी नाही, माझ्यामागे निदान नवरा आहे. म्हणून मी घाईने म्हटलं, चुकलं माझं. चुकलं असेल असंही वाटत होतं, आणि नसेल चुकलं तरी चालेल असंही वाटत होतं. तुझ्या वाटचं ओलं पांघरूण मी लहानपणापासून अंगावर घेत आले होते. सवय होती. पण ते पांघरूण तूच ओलं केलंस हे तेव्हा निदान दोघींनाही ठाऊक असायचं.

नोकरी गेली त्याचं मी आता बोलत नाही. चादरींच्या घड्या घातल्या, पोरं वाढली, झालं. भावजी हसले तेही हसून गेले. मला लागलंय ते वेगळंच आहे आणि ते मी आधी नातसुनेलाही नीट सांगू शकले नाही. ती चूक माझी होती ना ढबू. एवढ्या मोठ्या जगात, एवढ्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांत, थोरल्या बाईंत आणि गिटारवाल्यांत आणि चकचकीत कपडेवाल्यांत माझं म्हणून काहीतरी होतं. लग्नात पोरं त्या शिट्टीवर नाचायची आणि मी कोपऱ्यात बसून म्हणायची, नाचा, माझ्याच हातून झालंय हे. गाणं तुझं होतं, आवाज तुझा होता, आता चूकही तुझीच निघाली. मग एवढी वर्षं त्यात मी कुठे होते? दांडा ओढत होते. म्हणजे तू रेडिओवर म्हणालीस ते काही खोटं नव्हतं. मशीनच होते मी.

आणि हेही एकदा करून पोट भरलं नाही तुझं. पुन्हा तेच केलंस. तेव्हा चिठ्ठ्यांना दोरा बांधलास, आता माझ्या घरच्या पोरीला बांधायला निघालीस. दोन्ही वेळा एकाच गोष्टीवर भरवसा, आक्काला वाचता येत नाही. आक्का माणूस कशी आहे याच्यावर एकदाही भरवसा ठेवला नाहीस. त्या संध्याकाळी घरी येऊन मला खरं सांगितलं असतंस तर मी तुला दोन धपाटे घातले असते आणि तरीही तपासनिसाला तेच सांगितलं असतं. आणि मग ते गाणं खरंच आपल्या दोघींचं झालं असतं.

काल दुपारी खालून सलूनवाल्याची हाक आली, "आजी, तुमचं लागलंय." मी खिडकीशी गेले. म्हटलं, माझं नाही ते. तो म्हणाला, "असं काय करता? तुमच्या चुकीचं ना?" मी म्हटलं, माझी काही चूकच झाली नव्हती. त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्याने रेडिओ बारीक केला. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने वर माझ्याकडे बघत होतं.

वीस तारखेला मी येणार नाही. गाडी पाठवू नकोस. त्या मुलाखतवाल्या पोरीला नातसून कळवेल की आजीचं जमत नाही. दोऱ्याचं पुढे मी कुणाला काही सांगणार नाही. हे तुझ्यासाठी करते आहे असं मात्र समजू नकोस. मी सांगितलं तर लोक म्हणतील, म्हातारी आहे, अडाणी आहे, हिला आता सगळ्यांतच दोरे दिसतात. सांगायचं असलं तर ते तुझ्याच तोंडून निघायला हवं, त्या मंचावर, त्या थोरल्या बाईंच्या माणसांसमोर. त्यांनाही काही कळायचं बाकी आहे. मी रेडिओ लावून बसेन. शिट्टी सुरू व्हायच्या आधी तू बोललीस तर पुढचं ऐकेन. नाही बोललीस तर बंद करेन. रेडिओचं बटण फिरवायला वाचता यावं लागत नाही.

नातसून म्हणते, आजी, अजूनही मी शिकवते. ऐंशीच्या घरात काय शिकायचं? तरी तुझ्या नावाची दोन अक्षरं तिच्याकडून काढून घेतली, पाकिटामागे दिसली की ओळखता यावीत म्हणून. पहिलं म्हणे ढ. म्हटलं, ते मला शाळेत न जाताच ठाऊक आहे, जन्मभर तुम्ही सगळे मला तेच समजत होता. दुसरं अजून नीट वळत नाही.

आक्का

ता. क. खायला काय पाठवू विचारतेस. अक्रोड पाठव, पण टरफलासकट. फोडलेले, निवडलेले नकोत. मला दात नाहीत, तरी नातसून आणि मी बत्त्याने फोडू, कुटू आणि खाऊ. आत किडका निघाला तर निघाला. पण ते आमचं आम्हाला बघू दे.